ताप ऑइलला, दुखणं कुठे?

गाडीच्या पडद्यावर इंजिन ऑइलचं तापमान १२८ अंश सेल्सिअस दिसतंय. घाबरायचं का? नुसत्या आकड्यावरून हे कुणालाच सांगता येणार नाही. रेसट्रॅकवर तिसरी-चौथी फेरी चालू असेल, तर १२८ हे बऱ्याच परफॉर्मन्स गाड्यांचं नेहमीचं तापमान आहे. पण जानेवारीतल्या सकाळी एक्स्प्रेस वेवर टॉप गिअरमध्ये शंभरच्या वेगानं निवांत चालला आहात आणि हीच गाडी गेल्या आठवड्यात याच रस्त्यावर ९८ दाखवत होती, तर मात्र लगेच वेग कमी करून सुरक्षित जागी थांबायला हवं. ऑइलचा ताप मोजणं सोपं झालंय, कारण हल्ली आकडा समोरच दिसतो. तो कशामुळे आला हे शोधण्याला मात्र एक क्रम आहे. तो क्रम सोडून थेट मोठा कूलर मागवणारे लोक पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या खर्चाचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी ऑइल तापतं कशानं ते पाहू. कूलंट सिलिंडरच्या भिंतींभोवती आणि हेडमध्ये फिरतं. पिस्टनचा तळ, क्रँकशाफ्टची बेअरिंगं, कॅमशाफ्ट, टर्बोचा फिरता दांडा, इथे ते पोहोचू शकत नाही. तिथली उष्णता ऑइलच उचलतं. ताकदवान इंजिनांत तर पिस्टनच्या खालून ऑइलच्या बारीक पिचकाऱ्या सतत मारल्या जातात, नाहीतर पिस्टनचा माथा टिकणार नाही. ही झाली ज्वलनातून येणारी उष्णता. एक्सलरेटर जितका दाबाल तितकी ती वाढते. दुसरी उष्णता ऑइल स्वतःच तयार करतं. बेअरिंगमधल्या केसाहून बारीक फटीत ऑइलचे थर एकमेकांवर घसटत जातात आणि त्या घर्षणानं तापतात. ही उष्णता आरपीएमवर चालते, आणि तीही सरळ पटीत नव्हे. आरपीएम दुप्पट झाले तर ती चौपटीच्या आसपास जाते. ऑइल तापून पातळ होत असल्यानं प्रत्यक्षात थोडी कमी. म्हणून घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असताना ऑइल झपाट्यानं चढतं आणि गिअर वर टाकला की काही मिनिटांत उतरू लागतं.

उष्णता वाहून नेण्यात ऑइल पाण्याइतकं तरबेज नाही. एक किलो ऑइल एका अंशानं तापवायला पाण्याच्या साधारण निम्मी उष्णता पुरते, आणि कूलरच्या पत्र्याला उष्णता देण्याच्या बाबतीत तर ते पाण्याहून खूपच मंद आहे. सकाळी कूलंटचा काटा जागेवर आल्यावरही ऑइल बराच वेळ थंड राहतं ते या मंदपणामुळेच. ऑइल ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय इंजिनाला जोरात रेस देऊ नये, हा नियम पाळणारे थोडे आणि न पाळल्यामुळे बेअरिंगं खाल्लेली इंजिनं पुष्कळ.

रस्त्यावर ९० ते ११० अंश, ट्रॅकवर १२० ते १३०, हा बहुतेक आधुनिक इंजिनांचा नेहमीचा टप्पा. ऑइल शंभरीला पोहोचणं चांगलंच असतं, कारण त्यातलं पाणी आणि पेट्रोलचा अंश तेव्हाच उडून जातो. १३५-१४० च्या पुढे काळजी सुरू होते. चांगलं सिंथेटिक ऑइल थोडा वेळ १५० सोसतं, पण तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइल कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. शिवाय ते पातळ होतं. १०० अंशांना १४ सेंटिस्टोक्स घट्टपणा असलेलं ५डब्ल्यू-४० ऑइल १३० अंशांना जेमतेम ८ वर येतं. बेअरिंगला शाफ्टच्या धातूपासून लांब ठेवणारा ऑइलचा पडदा तेवढाच बारीक होतो. एसएई या संस्थेच्या ऑइलच्या वर्गवारीत घट्टपणाची एक चाचणी १५० अंशांवरच घेतली जाते, कारण इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल ११० असलं तरी बेअरिंगच्या आतला पडदा कितीतरी जास्त तापलेला असतो.

आता निदान. पहिला प्रश्न: आकडा खरा आहे का?

याची सगळ्यात सोपी परीक्षा फुकट होते. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा, ओबीडी स्कॅनर लावा आणि तीन आकडे शेजारी शेजारी पाहा: कूलंट, ऑइल आणि इंजिनात शिरणारी हवा. रात्रभरात सगळं इंजिन एकाच तापमानाला आलेलं असतं, त्यामुळे २४, २५, २४ असं काहीतरी दिसायला हवं. कूलंट २४, हवा २४ आणि ऑइल ३९ दिसलं तर दोष सेन्सरकडे आहे, इंजिनाला हात लावायची गरज नाही. स्कॅनर यासाठीच लागतो की पडद्यावरचे आकडे नेहमी पूर्ण खरं सांगत नाहीत. २०१७ मध्ये भारतात आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घ्या. ऑइल ५० अंशांच्या खाली असताना ती आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दाखवते. कूलंटचा काटा तर फोक्सवॅगन घराण्यातल्या बहुतेक गाड्यांत मुद्दाम ९० वर बांधून ठेवलेला असतो. खरं तापमान साधारण ७५ ते १०५ च्या दरम्यान कुठेही असलं तरी काटा ढिम्म हलत नाही. ग्राहक उगाच घाबरू नये म्हणून केलेली ही सोय निदान करणाऱ्याला फसवते.

सेन्सरबद्दल आणखी एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. या सेन्सरचा विद्युतरोध तापमान वाढलं की कमी होतो. त्यामुळे कनेक्टरला गंज चढून रोध वाढला तर आकडा खोटा खाली येतो, वर जात नाही. वायर घासून बॉडीला टेकली तर मात्र तो एकदम टोकाला जातो. एकदम उडी मारणाऱ्या आकड्यावर तसाही विश्वास ठेवू नये. पाच लिटर ऑइल एका सेकंदात २० अंशांनी तापवायचं तर जवळजवळ २०० किलोवॅट उष्णता लागेल, आणि त्या ऑक्टाव्हियाच्या अख्ख्या इंजिनाची ताकद १६९ किलोवॅट आहे.

सेन्सर कुठे बसवलाय हेही बघावं लागतं. चेंबरमधला सेन्सर इंजिनातून नुकतंच खाली पडलेलं गरम ऑइल मोजतो. फिल्टरपाशी, कूलरच्या पुढे बसवलेला सेन्सर थंड होऊन आलेलं ऑइल मोजतो. दोघांत सहज १०-१५ अंशांचा फरक पडतो. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्याशी ताडून पाहण्यापूर्वी हे विचारून घ्यावं.

आकडा खरा निघाला की दुसरा प्रश्न: ‘नेहमीपेक्षा जास्त’ म्हणजे कशापेक्षा? इथे स्वतःच्या गाडीची नोंद लागते. एकच रस्ता, एकच गिअर, एकच वेग, आणि बाहेरचं तापमान किती. हवेनं थंड होणारा ऑइल कूलर असेल, तर बाहेरची हवा जितकी तापेल जवळजवळ तितकंच ऑइलही चढतं. डिसेंबरात पहाटे १५ अंशांत १०० दाखवणारी गाडी मे महिन्यात चंद्रपूरच्या ४५ अंशांत १२५ दाखवू लागली, तर तिला काहीही झालेलं नाही. कूलंटवर चालणारा ऑइल कूलर असेल, तर मात्र ऋतूचा परिणाम बराच कमी दिसायला हवा, कारण ऑइल कूलंटला बांधलेलं असतं. तिथे मे महिन्यात २५ अंशांचा फरक पडला तर शोध सुरू करावा.

यातून तिसरी शक्यता पुढे येते: काहीच बिघडलेलं नाही, पण गाडीची मूळ ऐपतच तेवढी आहे. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे निस्सान ३७० झेड. २००९ चं हे मॉडेल, ३.७ लिटरचं व्ही-६ इंजिन, ७,५०० आरपीएमपर्यंत फिरणारं. डायलमध्ये ऑइलच्या तापमानाचा ठळक काटा दिलेला, पण सुरुवातीच्या गाड्यांत ऑइल कूलर नव्हता. अमेरिकेत लोक ही गाडी ट्रॅकवर घेऊन गेले आणि काही फेऱ्यांतच काटा २८० अंश फॅरनहाइटकडे, म्हणजे १३८ सेल्सिअसच्या आसपास पोहोचू लागला. तिथे इंजिनाचा संगणक स्वतःच आरपीएमवर बंधन घालून जोर काढून घेत असे. कुणी सेन्सर बदलले, कुणी थर्मोस्टॅट, कुणी ऑइल. तापमान तिथेच. रस्त्यावर मात्र तीच गाडी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होती. उच्च आरपीएमवर सलग तयार होणारी उष्णता बाहेर टाकायला पुरेसा मार्गच नव्हता, एवढंच त्या गाडीचं दुखणं. मालकांनी २५ आणि ३४ ओळींचे कूलर बसवले आणि प्रश्न मिटला. पुढे काही आवृत्त्यांत निस्साननंही कूलर दिला. मोठा कूलर हे योग्य उत्तर होतं ते इथे. गाडी आधी नीट चालत होती आणि आता तापू लागली, तर तेच उत्तर चुकीचं ठरतं, कारण मधल्या काळात काहीतरी बदललेलं असतं आणि कूलर ते झाकून टाकतो.

काय बदललं हे शोधायला सर्वात कामाची खूण म्हणजे ऑइल आणि कूलंट यांच्या तापमानातला फरक. दोन्ही सोबत चढत असतील तर ऑइल बिचारं निर्दोष आहे. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा, पंप, कूलंटची पातळी इथे बघायचं. ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांत ऑइल कूलर म्हणजे फिल्टरच्या ब्रॅकेटला चिकटलेला पत्र्यांचा छोटा ठोकळा असतो. एका बाजूनं ऑइल, दुसऱ्या बाजूनं कूलंट. कूलंट तापलं की ऑइल तापणारच. ऑक्टाव्हियाच्या इंजिनात पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर काही वर्षांनी गळू लागतं, हे त्यावर काम करणाऱ्या मेकॅनिकना पाठ आहे. या इंजिनात एक गंमतही आहे: हलक्या लोडवर संगणक कूलंट मुद्दाम गरम ठेवतो, शंभरीच्या पलीकडेसुद्धा, आणि जोर लावला की खाली आणतो. त्यामुळे निवांत क्रूझिंगमध्ये ऑइल थोडं जास्त दिसलं तरी तो बिघाड नसतो.

कूलंट जागच्या जागी आणि ऑइल एकटंच वर, असं असेल तर शोध ऑइलच्या वाटेवर. आणि तो डिपस्टिकपासूनच सुरू करावा, हे कितीही बाळबोध वाटलं तरी. सपाट जागा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबणं, मगच बघणं. ऑइल कमी असेल तर उरलेल्या ऑइलला तेच काम जास्त फेऱ्या मारून करावं लागतं. जास्त असेल तर क्रँक त्यात बुडून ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल उष्णताही नेत नाही आणि बेअरिंगही सांभाळत नाही. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. थेट इंजेक्शनच्या इंजिनांत, विशेषतः लहान लहान अंतरं चालणाऱ्या गाड्यांत हे सर्रास घडतं.

इथेच ऑइलच्या ग्रेडबद्दल बोलायला हवं. इंजिन तापतंय म्हणून घट्ट ऑइल टाका, हा सल्ला गॅरेजमध्ये अजूनही ठामपणे दिला जातो. घट्ट ऑइलनं तापमान कमी होत नाही, उलट काही अंशांनी वाढतं, कारण बेअरिंगमधलं घर्षण वाढतं. मग बीएमडब्ल्यूनं ई४६ एम३ सारख्या गाडीला १०डब्ल्यू-६० का सांगितलं? ८,००० आरपीएमला तापलेल्या अवस्थेतही पडदा टिकावा म्हणून. म्हणजे घट्ट ऑइल गरम राहतं, पण त्या गरमीत जास्त वेळ तग धरतं. हा सौदा आहे आणि तो कंपनीनं इंजिनाच्या फटी मोजून केलेला असतो. मागच्या सर्व्हिसला ग्रेड बदलली आणि तेव्हापासून आकडा वाढला, असं जमत असेल तर पुढे शोधायची गरज नाही.

मग कूलर. हवेवर चालणारा असेल तर गाडीच्या पुढे गुडघ्यावर बसून टॉर्चनं आत बघा. एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर, रेडिएटर, ऑइल कूलर असे थर एकामागे एक रचलेले असतात, आणि पावसाळ्यातला चिखल, किडे, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे नेमके त्या थरांच्या मधल्या फटीत अडकतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत लिंपण झालेलं असतं. जोरदार फवाऱ्यानं धुताना पातळ पाती वाकली असतील तरी हवा अडते. आणि इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर जागेवर आहे का, तेही बघा. चार स्क्रू कंटाळा येऊन लावले नाहीत, कव्हर लटकलं, काढून ठेवलं, आणि हवा कूलरमधून जाण्याऐवजी सोप्या वाटेनं निघून जाऊ लागली, असं फार वेळा होतं. कूलरच्या कडेचा फोमही तसाच; हवेला दुसरी वाट मिळू नये म्हणूनच तो असतो.

कूलर स्वच्छ असेल तर त्याच्या नळ्यांचं तापमान बघा. ऑइल शंभरीच्या वर आहे आणि कूलरकडे जाणारी नळी जवळजवळ थंडच, तर ऑइलचा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय; हे थर्मोस्टॅट साधारण ८० ते ८५ अंशांना उघडायला हवेत. हातानं चाचपण्यापेक्षा इन्फ्रारेड थर्मामीटर बरा, भाजायची भीती नाही. फक्त चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खूप कमी आकडा दाखवतो, म्हणून मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजावं. आत जाणारी आणि बाहेर येणारी नळी दोन्ही सारख्याच गरम असतील, तर ऑइल वाहतंय पण हवा लागत नाही. फरक खूप मोठा दिसला, म्हणजे आत जाताना ११५ आणि बाहेर येताना ६०, तर लोक खूश होतात की कूलर फार छान चाललाय. खरं तर ऑइल कूलरमधून थेंब थेंब जातंय; रेंगाळतं म्हणून थंड होतं. नळी कुठेतरी चेपलीय किंवा आत गाळ बसलाय. पूर्वी कधी बेअरिंग गेलेलं इंजिन असेल तर त्याचा चुरा कूलरमध्येच दडून बसतो. असा कूलर धुवून भागत नाही, बदलावाच लागतो. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या पोर्शे ९११ मध्ये तर हे सगळं फार महत्त्वाचं, कारण त्यांत कूलंटच नाही. इंजिन मागे आणि ऑइलचा जादा कूलर पुढच्या उजव्या चाकाच्या वर, लांब नळ्यांनी जोडलेला. त्या वाटेवर कुठेही अडथळा आला की सगळ्या इंजिनाचा ताप वाढतो.

उष्णता बाहेर पडण्याची वाट नीट असेल तर मग ती जास्त तयार होतेय का ते पाहायचं. रीमॅप करून बूस्ट वाढवला असेल तर उत्तर तिथेच आहे. पिस्टन आणि टर्बो जास्त तापतात आणि ते ओझं ऑइलवर येतं. जोर न लावता, नुसत्या आरपीएमवर ऑइल झपाट्यानं चढत असेल तर मात्र घर्षणाचा संशय घ्यावा, आणि हा संशय गंभीर आहे. अशा वेळी ऑइलचं प्रेशर सोबत बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. रेसिंगवाल्यांचा जुना हिशेब आहे, तापलेल्या इंजिनात दर हजार आरपीएमला किमान १० पीएसआय. त्याहून महत्त्वाचं, त्याच तापमानाला त्याच आरपीएमला पूर्वी किती होतं? तापमान वाढलं पण त्या तापमानाला साजेसं प्रेशर टिकून आहे, तर बेअरिंगं शाबूत आहेत. ११० अंशांना पूर्वीपेक्षा प्रेशर स्पष्ट घसरलंय, तर फटी वाढल्यात किंवा ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलंय. ऑइल काढा, फिल्टर कापून त्याची घडी उजेडात उलगडा. सोनेरी किंवा तांबूस चमक दिसली तर गाडी ट्रॅकवर नाही, वर्कशॉपमध्ये न्यायची. प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर लोखंड, तांबं, शिसं, इंधनाचं प्रमाण आणि घट्टपणा सगळं कळतं, आणि इंजिन उघडण्याच्या मानानं हा खर्च अगदीच किरकोळ असतो.

चालवताना आकडा १३५ च्या पुढे गेला तर इंजिन लगेच बंद करू नका, प्रेशरची वॉर्निंग लागली नसेल तर. गिअर वर टाका, आरपीएम २,००० ते २,५०० वर आणा आणि हवा लागू द्या. ऑइल फिरत राहिलं तरच टर्बो आणि पिस्टनची उष्णता बाहेर येते. प्रेशरचा लाल दिवा लागला तर मात्र एक क्षणही वाट न पाहता इंजिन बंद. १४५-१५० पाहिलेलं ऑइल पुढच्या सर्व्हिसपर्यंत ठेवू नये, ते त्याच आठवड्यात काढावं.

दुरुस्ती एका वेळी एकच करावी आणि प्रत्येकीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये मोजावं, नाहीतर नक्की कशानं बरं झालं ते कळत नाही. शेवटची परीक्षा ट्रॅकवर, चेन्नई असो वा कोइंबतूर. तिथे कमाल आकड्यापेक्षा तो कसा चढतो ते बघा. चार-पाच फेऱ्यांनंतर तो १२६ वर येऊन तिथेच थांबला, तर तयार होणारी आणि बाहेर जाणारी उष्णता जुळली आहे. त्या गाडीचं ते ट्रॅकवरचं तापमान आहे, ते वहीत लिहून ठेवा. आणि थांबलाच नाही, दर फेरीला दोन-तीन अंश चढतच राहिला, तर १३५ व्हायच्या आधी गाडी पिटमध्ये आणा आणि कूलरच्या मापाचा प्रश्न आता खुशाल उघडा.